लसूण न खाता शेंगा चटणी : चौथा आठवडा

एकदाची जमली! तीन वेळा फसल्यावर काल रात्री कडक भाकरीबरोबर शेंगा चटणी खाल्ली आणि सकाळी पोट शांत, म्हणून लगेच लिहायला बसले. भाकरीचं टेन्शन नव्हतंच, ज्वारी लो फॉडमॅपमध्ये (न पचता पोटात आंबून गॅस करणारी कर्बोदकं टाळायचा आहार) चालते, शेंगदाणेही मूठभर चालतात, सगळी अडचण लसणाची. त्यातलं फ्रुक्टॅन (असंच एक कर्बोदक) तसं कुणालाच पचत नाही, पण आयबीएसवाल्यांना, म्हणजे ज्यांचं आतडं सारखं कुरकुरतं त्यांना, त्याचा जास्त त्रास होतो.

पहिल्या दोन वेळी लसूण वगळून नुसतं हिंग घातलं, चव बोथट. शिवाय हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात गव्हाचं पीठ लिहिलेलं निघालं, आता तांदळाच्या पिठाचं आणलंय. तिसऱ्यांदा लसूण तेलात तळून काढला पण तेल इतकं तापलं की चटणी कडू झाली.

आई म्हणत होती, आमटीत अख्ख्या पाकळ्या टाकते, तू खाताना बाजूला काढ. पण फ्रुक्टॅन पाण्यात विरघळतं, म्हणजे पाकळी काढली तरी ते रश्श्यात उतरलेलं असतंच. तेलात मात्र विरघळत नाही, आणि लसणाचा वास तेलात मस्त उतरतो. म्हणून यावेळी गार तेलातच 8-10 अख्ख्या पाकळ्या टाकल्या, गॅस एकदम बारीक, सोनेरी झाल्या की गाळणीतून तेल गाळलं, एक तुकडाही राहू दिला नाही. मग त्यातलं दोन चमचे तेल, जिरं, मीठ, तिखट नेहमीच्या निम्मं (तिखटात फॉडमॅपचं काही नाही पण माझ्या पोटाला झोंबतं) आणि दोन वाट्या खरपूस भाजलेले शेंगदाणे. उखळातच कुटा हो, मिक्सरमध्ये नुसता कूट होतो, कुटल्यावर दाण्याचं स्वतःचं तेल सुटतं आणि चटणी कशी धरून येते.

एक गोष्ट मनावर घ्या, लसणाचं घरगुती तेल बाहेर ठेवायचं नाही, बोट्युलिझमचा (जिवाणूच्या विषानं होणाऱ्या गंभीर विषबाधेचा) धोका असतो. मी लागेल तेवढंच करते, उरलं तर फ्रीजमध्ये आणि दोन-तीन दिवसांत संपवते.

विकतच्या पाकिटावर नुसतं 'मसाले' लिहिलं असेल तर मी घेत नाही, त्यात कांदा-लसूण पावडर असू शकते. नवी पेठेत चौकशी करताना लक्षात आलं की जैन चटणी मागायची, त्यात कांदा-लसूण नसतो! तरी डाळवं घातलंय का ते विचारून घ्या, ते जास्त झालं की मला त्रास होतो.

हिरव्या चटणीत कोथिंबीर, आलं, लिंबू आणि कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग घालते, पांढरा नाही. कांद्याची चव बऱ्यापैकी येते.

पुढच्या आठवड्यात आहारतज्ज्ञ मॅडमनी लसूण परत थोडा थोडा खाऊन बघायला सांगितलंय, पाव पाकळीपासून सुरुवात. कारळ्याची चटणी तोपर्यंत थांबवलीय, दोन्ही एकदम केलं तर नेमकं कशानं दुखलं ते कळायचं नाही.