भूकंपाची कविता लिहिताना

कविता 'मी'नं सुरू झाली की ऐकणारे वयाचा हिशेब करू लागतात. कराडच्या एका काव्यकट्ट्यावर मी कोयनेच्या भूकंपावरची कविता वाचली, तेव्हा चहाच्या वेळी एका आजोबांनी मला गाठलं. "तुम्ही त्या वेळी केवढ्या होता?" भूकंप ११ डिसेंबर १९६७चा, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांचा. माझा जन्म १९८४चा. तसं सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. "मग 'माझ्या कुशीतला भाऊ' असं कसं लिहिलंत?"

प्रश्न रास्त होता. मी उत्तर द्यायला लागणार तोच अध्यक्षीय भाषण सुरू झालं आणि ते कधी संपेल हे कुणाच्याच हातात नव्हतं. त्यामुळे तेव्हा राहिलेलं उत्तर इथे लिहिते आहे.

आई त्या वेळी नऊ वर्षांची. माझे आजोबा धरणाच्या कामावर मुकादम होते, घर कोयनानगरजवळच्या एका वाडीत. दगडमातीच्या भिंती, वर कौलं. त्या पहाटे भिंत आत पडली आणि आईचा धाकटा भाऊ, चार वर्षांचा, त्यात गेला. मला कळायला लागल्यापासून घरात हे माहीत होतं, पण त्यावर कुणी बोलत नसे. आजी तर अवाक्षर न काढता गेली.

सुरुवातीला मी काय लिहिलं होतं, ते वहीत अजून आहे. १९६२पासून धरणात साठू लागलेलं पाणी, शिवसागर जलाशय, साडेसहाच्या आसपासची तीव्रता, जवळपास दोनशे माणसं गेली, कोयनेची वीज बंद पडून मुंबई अंधारात. सगळं खरं. एकही ओळ कुणी खोडून काढू शकणार नाही. मी ते मावशीला वाचून दाखवलं. ती तेव्हा तेरा वर्षांची होती आणि तिची स्मरणशक्ती आमच्या घराण्यात दरारा ठेवून आहे. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे तर पेपरात आलंय की."

मग मी आईला बोलतं केलं. फोन ताटाशेजारी ठेवून, रेकॉर्डिंग चालू करून, ती भाकरी थापत असताना. समोर बसून विचारलं की ती गप्प व्हायची. हात कामात असले की आपसूक बोलायची. तिनं सांगितलेल्यातलं एक वाक्य मला लगेच कवितेत हवं होतं. "आम्ही सगळी अंगणात बसलेलो, वाकळ पांघरून. आणि चांदणं हुतं बघ लख्ख. घर पडलेलं सगळं दिसत हुतं."

लख्ख चांदण्यात पडलेलं घर. अशी ओळ आयती मिळाली की कुठलाही कवी ती सोडणार नाही, मीही सोडली नाही. पण खोड म्हणून तिथी बघितली. 'कालनिर्णय' १९७३ साली सुरू झालं, म्हणजे आमच्या घरातल्या जुन्या पानांचा उपयोग नव्हता. मोबाइलवर मागच्या तारखांच्या तिथी मिळाल्या. मार्गशीर्ष शुद्ध पक्ष, नवमी-दशमीच्या संधीवरचा चंद्र. हा चंद्र संध्याकाळी चांगला वर आलेला असतो आणि मध्यरात्रीनंतर दीड-दोनच्या सुमारास मावळतो. पहाटे चारला कोयनेच्या खोऱ्यात, दोन्ही बाजूंना डोंगर असताना, चंद्र असण्याची शक्यताच नाही. मिट्ट काळोख असणार.

मावशीला विचारलं. ती म्हणाली, "डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नव्हतं. हाका मारून एकमेकांना शोधलं." मग आईला विचारलं. आई म्हणाली, "चांदणं हुतं. मी सांगते न्हवं."

यावर मी बरेच दिवस अडकून पडले. माहिती चुकली म्हणून नव्हे, ती एका ओळीनं दुरुस्त झाली असती. आई खोटं बोलत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि चंद्र नव्हता हेही तेवढंच पक्कं. मग पुढच्या तारखा बघितल्या तेव्हा उलगडा झाला. १६ डिसेंबरला पौर्णिमा, दत्तजयंती. पहिल्या धक्क्यानंतर लहानमोठे हादरे येतच राहिले होते, त्या खोऱ्यात ते आजही येतात. तेव्हा तर घरात पाऊल ठेवायची कुणाची हिंमत नव्हती. माणसं रात्रंदिवस उघड्यावर. म्हणजे आईनं ते पडलेलं घर लख्ख चांदण्यात पाहिलं होतं, नक्की पाहिलं होतं. फक्त पाच रात्रींनंतर. नऊ वर्षांच्या पोरीनं त्या सगळ्या रात्रींची मिळून एक रात्र केली होती.

कवितेला नेमकं हेच करावं लागतं. आईनं ते कागदपेन्सिलीशिवाय आधीच करून ठेवलं होतं. मी चांदणं ठेवलं. पण त्याआधी 'हाका मारून एकमेकांना शोधलं' ही मावशीची ओळ आली आणि त्यानंतर चांदणं, मध्ये एक मोकळी ओळ सोडून. ज्याला तिथी मोजायची त्यानं खुशाल मोजावी.

दुसरा पेच 'मी'चा. बराच काळ मी 'आई म्हणते', 'आई सांगायची' असं लिहीत होते. त्यात एक सोय होती: मी बाहेर, सुरक्षित, हातात फोन घेऊन. प्रत्येक कडव्यात 'म्हणते' आलं की दुःखाला पावती जोडल्यासारखं व्हायचं. एका रात्री मी सरसकट सगळे 'म्हणते' काढून टाकले आणि 'मी' घातलं. वाचताना घसा दाटला. लगेच शंका आली, की हे दुसऱ्याचं दुःख आपल्या नावावर करून घेणं तर नव्हे?

आमच्याकडे अनुभवाशी प्रामाणिक राहा, असं नवोदितांना फार सांगतात. ते बरोबरच आहे, पण ते सांगणारे एकनाथांचं भारूड टाळ्या देत ऐकतात. 'सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला', यातली 'मी' सासुरवाशीण आहे; सासरा गावी गेलाय तर त्याला तिकडेच खपव म्हणते, सासूला निर्दाळ म्हणते. पैठणच्या नाथांना सासू-सासऱ्यांचा जाच झाला होता का, असं चारशे वर्षांत कुणी विचारलेलं मला ठाऊक नाही. त्यातला अध्यात्माचा अर्थ बाजूला ठेवला, तरी पुरुषानं बाईचा 'मी' घेणं आपल्याला मुळीच खटकत नाही. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांतही तेच. 'मी' हे आपल्या भाषेत फार पूर्वीपासून कुणालाही उभं राहता येईल असं जोतं आहे.

अर्थात भारुडात सोंग उघड असतं. माझ्या कवितेत ते उघड नव्हतं आणि कट्ट्यावरचे ते आजोबा त्यामुळेच फसले. म्हणून मला जास्त उपयोग झाला तो तुकोबांचा. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको गेली. 'याति शूद्र' या अभंगात ते सांगतात, 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥' आणि दुसऱ्या एका अभंगात त्याच मरणाबद्दल म्हणतात, 'बाईल मेली मुक्त जाली'. एकीकडे भुकेनं तडफडून गेलेली बाई, दुसरीकडे सुटलेली. घटना एक, माणूस एक. यातलं खरं कोणतं, असा प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला आणि तो फुसका निघाला. दोन्ही अभंग दोन वेगळ्या ठिकाणी उभं राहून म्हटलेले आहेत. पण मला जे दिसलं ते वेगळंच. तुकोबा कुठेच स्वतःला बरं दाखवत नाहीत. पहिल्या अभंगात तर पुढच्याच ओळीत 'लज्जा वाटे जीवा' म्हणून स्वतःची लाज आणि धंद्यातली खोट मांडून मोकळे होतात.

तिथून मला एक चाळणी मिळाली, आणि ती अजून वापरते आहे. कवितेत मी काही बदललं, तर तो बदल कुणाच्या फायद्याचा आहे? कवितेच्या असेल तर ठीक. माझ्या असेल, म्हणजे मी जास्त हळवी, जास्त सोसलेली, जास्त चांगली मुलगी दिसणार असेन, तर तो काढायचा. मग ती ओळ शब्दशः घडलेली असली तरी. हो, खऱ्या ओळीही स्वतःची जाहिरात करू शकतात.

या चाळणीतून 'कुशीतला भाऊ' गेला. मावशीच्या म्हणण्याप्रमाणे मामा त्या रात्री आजीजवळ, भिंतीकडेला होता. आईच्या मते तिच्या कुशीत. इथे पंचांग कामाचं नव्हतं. मी आईचं घेतलं, कारण तिच्या सांगण्यात तोटा तिचाच होता. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षं ती स्वतःला विचारत आली आहे, की आपली मिठी सुटली कशी. मावशीचं घेऊन मी तिला त्या प्रश्नातून सोडवू शकले असते, पण तो अधिकार मला कुणी दिला? कवितेत ते वाक्य 'मी'च्या तोंडी तसंच आहे.

अडकला तो भोवरा.

मामाचं काहीच उरलेलं नव्हतं. फोटो नाही, अंगडं नाही. कविता शेवटाकडे आली की हाताशी एखादी वस्तू लागते, ढिगाऱ्यातून काढायला. मी भोवरा घातला. लाकडी, लाल रंगाचा, जाळी गुंडाळलेला. शेवटचं कडवं त्याच्यावर फिरायचं आणि ऐकणारे हमखास गप्प व्हायचे. काव्यकट्ट्यावर त्या गप्प होण्याचं मोल किती, हे वाचणाऱ्यांना माहीत आहे.

सगळी कविता मी आईला वाचून दाखवली ती त्या कट्ट्यानंतर. खरं तर आधी दाखवायला हवी होती, असं बरेच जण म्हणतील. पण अर्धवट कविता घरी दाखवली की घर ती पूर्ण करतं, आणि ते मला नको होतं. आईनं चांदण्याला मान डोलावली. कुशीपाशी पदर डोळ्याला लावला. भोवऱ्यापाशी मात्र कपाळाला आठ्या. "भोवरा कुठला गं? त्याला कुठं भोवरा फिरवता येत हुता. त्याचं नाक वाहायचं सारखं. तेवढं आठवतं मला. मी फ्रॉकनं पुसायची."

"मग नाक लिहू?"

"लिही की. नाक काय वाईट असतं?"

त्या नाकानं कवितेचा शेवट बदलला. भोवरा माझ्याकडे कुठल्या कुठल्या कवितांमधून चालत आला होता, नाक फक्त त्याचं होतं. मी भोवरा काढला. खोटा होता म्हणून नाही. खोटा आणि चपखल असता तर बहुतेक ठेवलाच असता. पण तो माझ्या चाळणीतून जात नव्हता, शेवटच्या कडव्यात सगळं लक्ष मामाऐवजी माझ्याकडे ओढून घेत होता.

आईनं आणखी एक विचारलं. "तुम्ही हे वाचता तिथं लोक टाळ्या वाजवत्यात?" मी हो म्हटलं. "त्याच्या जाण्यावर?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तेव्हापासून ही कविता मी मंचावर वाचत नाही. छापायला दिली. संपादकांनी विचारलं, की वर 'आईच्या आठवणींवरून' अशी टीप टाकायची का? मी नको म्हटलं. टीप टाकली की वाचणारा कविता सोडून आईची चौकशी करतो. त्यांचं म्हणणं वेगळं होतं, आणि त्यातही तथ्य होतं: वाचणाऱ्याला फसवल्यासारखं वाटू नये. शेवटी आम्ही कवितेखाली फक्त 'कोयना, १९६७' एवढं छापायचं ठरवलं. गणित करणारे करतील.

मधल्या काळात चुलतभावाचं लग्न झालं. जेवणं उरकल्यावर बायका मांडवात बसलेल्या, कुणीतरी कोयनेचा विषय काढला. आणि इतकी वर्षं गप्प असलेली आई सांगायला लागली. हाका, काळोख, चांदणं, मामाचं वाहतं नाक. बोलता बोलता म्हणाली, "आणि सकाळी ढिगाऱ्यात त्याचा भोवरा सापडला."

मी पाणी पीत होते, मला ठसका लागला. मावशीकडे पाहिलं. घराण्याची स्मरणशक्ती शेजारीच बसली होती, ती आता खाडकन दुरुस्त करणार अशी माझी खात्री. मावशी म्हणाली, "लाल हुता."

तिथे मी काही बोलले नाही. बोलून काय सांगणार होते, की तो मी केला? आजही मला ठरवता आलेलं नाही, की मी त्यांच्या आठवणीत काही घुसडलं, की ज्या भावाचं काहीच मागे राहिलं नव्हतं त्याचं काहीतरी त्या दोघींना मिळालं. जिवंत माणसांबद्दल लिहिताना कल्पना परत घरी येते आणि कुणाच्या तरी तोंडून खरी होऊन बसते, हे मात्र कुठल्याही कार्यशाळेत मला कुणी सांगितलं नव्हतं.

दिवाळी अंक आला, तो मी आईला आणि मावशीला एकेक दिला. आईनं कपाटात साड्यांखाली ठेवला. मावशीचा दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. कविता बरी आहे म्हणाली, छपाई जरा बारीक आहे म्हणाली, आणि मग, "पर भोवरा का गं काढलास?"