माउसला हात लावायचा नाही

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात राहायला आल्यानंतर दुसऱ्या वर्षी मी मुलीला घेऊन दर शनिवारी कोडरडोजो या मुलांच्या प्रोग्रामिंग क्लबला जाऊ लागलो, तेव्हा हा एक फुकटचा क्लास आहे अशीच माझी समजूत होती. पुण्यात वाढलेल्या माणसाला शाळेबाहेरचे शिक्षण म्हटले की शिकवणी आठवते, आणि शिकवणी म्हटली की फळा, वही, परीक्षा आणि शेवटी प्रमाणपत्र. काही आठवड्यांनी संयोजक बाईंनी मला मेंटर, म्हणजे मुलांना मदत करणारा स्वयंसेवक, होण्याविषयी विचारले. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची गार्डांकडून, म्हणजे इथल्या पोलिसांकडून, पडताळणी व्हावी लागते. ती पार पडल्यावर पहिल्याच शनिवारी मी व्हेरिएबल (प्रोग्राममध्ये बदलती किंमत साठवणारा कप्पा) आणि लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करवणे) या विषयांवर पस्तीस मिनिटांचे व्याख्यान दिले. मुले सभ्य होती, त्यांनी ते ऐकून घेतले.

ज्या उपक्रमात मी हे केले, तो याच शहरात जन्मला आहे. जेम्स व्हेल्टन नावाच्या इथल्या शाळकरी मुलाने आयपॉड नॅनो हॅक करून दाखवला, तेव्हा शाळासोबती 'आम्हालाही शिकव' म्हणून त्याच्या मागे लागले आणि त्याने शाळेतच संगणक क्लब काढला. पुढे बिल लियाओ या उद्योजकाच्या साथीने २०११ मध्ये शाळेबाहेरच्या मुलांसाठी पहिला कोडरडोजो सुरू झाला. वय ७ ते १७, शुल्क काहीही नाही. डोजो म्हणजे जपानी भाषेत ज्युदो-कराटेच्या सरावाची जागा. आपल्याकडची तालीमच म्हणा ना. तालमीत वस्ताद डावांवर भाषण देत नाही, पोरांना मातीत उतरवतो आणि कडेला उभा राहतो, हे मला माझ्या व्याख्यानाच्या आधी आठवायला हवे होते. इंग्लंडमध्ये २०१२ साली क्लेअर सटक्लिफ आणि लिंडा सँडविक यांनी सुरू केलेल्या कोड क्लबची रीत थोडी निराळी आहे: शाळा सुटल्यावर तिथेच जमायचे आणि पायरीपायरीने लिहिलेल्या प्रकल्पांवरून काम करायचे. नवख्या स्वयंसेवकाला ते सोपे जाते, हे मान्य. पण सगळ्यांचे खेळ सारखेच दिसू लागतात, असे माझे मत आहे.

डोजोत मुलांना एक नियम सांगितलेला असतो: अडले तर आधी तिघांना विचार, मग मेंटरला. मेंटरसाठीचा नियम मात्र संयोजक बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितला, की मुलाच्या माउसला हात लावायचा नाही. तो पाळणे किती कठीण आहे, हे मला नऊ वर्षांच्या एका मुलाच्या खेळाने शिकवले. त्याने स्क्रॅचमध्ये, म्हणजे पडद्यावर ठोकळे जोडून प्रोग्राम करण्याच्या भाषेत, वरून पडणारी सफरचंदे मांजराने झेलण्याचा खेळ केला होता. पहिल्यांदा तो उत्तम चालला. दुसऱ्यांदा खेळ सुरू करणारा हिरवा झेंडा दाबताच गुण थेट १७ पासून सुरू झाले. संगणक लबाडी करतो आहे, अशी त्याची खात्री पटली. वस्तुतः खेळ थांबवला तरी स्क्रॅचमधल्या व्हेरिएबलची किंमत तशीच राहते. ती सुरुवातीला शून्य करण्याचा ठोकळा आपणच जोडावा लागतो. हे काम दहा सेकंदांचे होते आणि माझा हात अर्ध्यापर्यंत गेलाही होता. मी तो मागे घेतला. मुलगा एकाकडे गेला, दुसऱ्याकडे गेला, आणि शेवटी अकरा वर्षांच्या एका मुलीने त्याला विचारले, "खेळ सुरू होताना गुण किती असायला हवेत, हे तू त्याला कुठे सांगितलं आहेस?" बराच वेळ तो पडद्याकडे बघत राहिला आणि मग त्याने तो ठोकळा झेंड्याखाली आणून चिकटवला. या सगळ्यात पंचवीस मिनिटे गेली. पुढच्या शनिवारी मांजर मागच्या वेळी थांबले होते तिथूनच खेळ सुरू करू लागले, तेव्हा त्याने कोणालाही न विचारता सुरुवातीची जागा ठरवणारे एक्स (आडवे) आणि वाय (उभे) हे आकडे लिहिले, त्यातला वाय उणे १४०. शाळेत त्याला ऋण संख्या अजून शिकवलेल्या नव्हत्या.

या मोकळेपणाची किंमतही आहे. साधारण बारा-तेराव्या वर्षी मुले ठोकळे सोडून ओळी टंकून लिहायच्या पायथन या भाषेकडे वळतात, तेव्हा ओळीच्या सुरुवातीची एक मोकळी जागा चुकली तरी प्रोग्राम अडतो, तासभर टंकून पडद्यावर चार ओळी उमटतात, आणि काही मुले यायचीच बंद होतात. ज्यांच्या घरी स्वतःचा लॅपटॉप नाही, त्यांचे गाडे आठवडाभर जागीच राहते; आम्ही ठेवलेले तीन जुने लॅपटॉप त्यावर पुरेसा उपाय नाहीत.

आमच्या मराठी मंडळातले पालक मला विचारतात ते निराळेच असते. किती लेव्हल आहेत, अभ्यासक्रम कुठे मिळेल, प्रमाणपत्र कोण देते? पूर्वी मी लांबलचक खुलासा करत असे. आता लहान मुलांच्या पालकांना इथे सोबत बसावेच लागते, एवढे सांगून थांबतो. मागच्या महिन्यात असेच एक गृहस्थ लेकाला घेऊन आले. "हात खिशात ठेवून बसा," असे मी त्यांना हसत सुचवले. लेकाचे मांजर पडद्याच्या कडेला अडकून उलटे लटकू लागले, तोवर ते तसे बसलेही होते, मग म्हणाले, "अरे, दे इकडे, मी करतो."