आमची वाटचाल : चार ओळींचं बिल

सांगलीत दुकान टाकलं तेव्हा पाटीवर 'कॉम्प्युटर विक्री व दुरुस्ती' होतं आणि घर चालायचं ते प्रिंटरच्या कार्ट्रिजवर. राउटरकडे, म्हणजे ऑफिसचं नेटवर्क बाहेरच्या लाइनीला जोडणाऱ्या डब्याकडे, वळलो ते लोडशेडिंगमुळे. एका पतसंस्थेच्या शाखेत वीज गेली, यूपीएसनेही दम तोडला. वीज आली, पण शाखा मुख्य कार्यालयाला लागेना. आधीच्या माणसाने काम नीट केलं होतं, फक्त 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' ही सेव्ह करायची कमांड मारायची राहिली होती. सिस्कोच्या राउटरमध्ये चालू कॉन्फिग, म्हणजे त्याला टाइप करून दिलेल्या सूचना, रॅममध्ये असतं. सेव्ह केलं नाही तर विजेबरोबर तेही जातं. निळी कन्सोल केबल लावली, 9600 च्या वेगावर टर्मिनल (राउटरला कमांड द्यायची खिडकी) उघडलं, जुन्या फायलीतून पत्ते शोधून रूट, म्हणजे डेटाने जायचे रस्ते, परत टाकले. मॅनेजर म्हणाले, "चार ओळी तर टाइप केल्या, त्याचे कसले पैसे?"

हा प्रश्न आमच्या पाचवीलाच पुजलेला. डबा दिसतो, त्याचं बिल निमूट पास होतं. आत काय टाइप केलं ते कुणाला दिसत नाही. म्हणून मजुरी राउटरच्या किमतीत घालायचो. पुढे गिऱ्हाईक मोबाइलवर ऑनलाइन भाव दाखवायला लागलं आणि ती सोय संपली. तेव्हापासून कॉन्फिगचं बिल वेगळं. काही गिऱ्हाइकं सुटली, त्यांची फारशी हळहळ नाही.

बिलाला जोर आला तो दोन लाइनींच्या कामांनी. मुख्य फायबर, ती पडली तर जोडीला फोर-जी. स्टॅटिक, म्हणजे हाताने टाकलेल्या, रूटचं डिस्टन्स मुळात 1; ज्याचा आकडा लहान तो रूट आधी. फोर-जीच्या डिफॉल्ट रूटपुढे (बाहेर जाणाऱ्या सगळ्या डेटाचा रस्ता) 200 लिहिलं की पहिला रूट टेबलातून गेल्यावरच दुसरा पुढे येतो. सगळे इथवर करतात आणि घरी जातात. पण रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली तरी ऑफिसातला मोडेम चालूच असतो, पोर्टचा दिवा हिरवाच. राउटरच्या लेखी लाइन जिवंत, त्यामुळे रूट हलत नाही.

एका दूध संघात नेमकं हेच चाललं होतं. तिथे आयपी एसएलए (लाइन तपासत राहायची राउटरमधली सोय) लावून पलीकडच्या एका पत्त्यावर सतत पिंग ठेवला, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते बघत राहायचं, आणि पहिल्या रूटला ट्रॅक जोडला : उत्तर थांबलं की तो रूट टेबलातून जातो. पिंग मुळात 60 सेकंदांनी जातो, आम्ही 10 वर आणला. खरी मेख पुढे आहे : त्या पत्त्याचा रूट फायबरवरूनच बांधून टाकायचा. नाहीतर पिंग फोर-जीवरून पोचतो, राउटरला वाटतं फायबर आली, तो परत तिकडे वळतो, परत पडतो; रात्रभर नुसत्या येरझाऱ्या. तिथल्या संगणक विभागाच्या साहेबांसमोर फायबरची केबल मोडेमच्या मागून काढली. स्क्रीनवर ट्रॅक 'डाउन' झाला, 'शो आयपी रूट'मध्ये गेटवे, म्हणजे बाहेर जायचा दरवाजा, बदलला, संकलनाच्या नोंदी चालू राहिल्या. त्या बिलावर घासाघीस झाली नाही.

आता काम सोपवताना कॉन्फिगची छापील प्रत देतो, प्रत्येक ओळ कशासाठी ते मराठीत लिहून. आमच्या धंद्यातले काही जण याला हसतात, गिऱ्हाईक उद्या दुसऱ्याकडे जाईल म्हणतात. जाऊ दे की.

नवीन पोरगा आला की त्याला आधी 'रिलोड इन 10' ही कमांड शिकवतो, म्हणजे दहा मिनिटांनी राउटर आपोआप बंद होऊन परत चालू. लांबच्या राउटरवर रूट किंवा अॅक्सेस-लिस्टला (कुणाला जाऊ द्यायचं, कुणाला अडवायचं याची यादी) हात लावण्याआधी ती मारायची. आपणच बाहेर फेकलो गेलो तर दहा मिनिटांनी राउटर सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर परत उठतो. सगळं जमलं तर 'रिलोड कॅन्सल', मगच सेव्ह. जतला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, आणि त्या खेपेचे पैसे अजूनही कुणी देत नाही.