वहीतला तिसरा रकाना

पोट बिघडणे ही इतकी नेहमीची तक्रार आहे की ती किती दिवस टिकली म्हणजे तिला आजार म्हणायचे, हे मला बराच काळ ठरवता आले नाही. सुरुवात झाली तेव्हा मी ५४ वर्षांची होते. दिवसातून पाच-सहा वेळा पाण्यासारखे जुलाब, अधूनमधून पोटात बारीकशी कळ, आणि एकदा कळ आली की जेमतेम मिनिटभराची सवड. पहिला आठवडा काहीतरी बाधले असेल म्हणून गेला, दुसरा साथ असेल म्हणून. तिसऱ्या आठवड्यात आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी जंतुसंसर्गावरच्या गोळ्या दिल्या. चार दिवस बरे वाटले आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच सुरू झाले.

त्यानंतर आजाराचे नाव कळेपर्यंत १४ महिने गेले. या काळात माझे वजन पाच किलोंनी उतरले, पण त्याहून जास्त बदलला तो माझा दिनक्रम. कोठेही गेले तरी आधी स्वच्छतागृह कोठे आहे ते पाहून ठेवायचे, बैठकीत दाराजवळची खुर्ची धरायची, प्रवास असेल तर आदल्या रात्रीपासून जेवण टाळायचे, हे सगळे इतके अंगवळणी पडले की आपण काही वेगळे करतो आहोत असे वाटेनासे झाले. लोकांच्या सल्ल्यांविषयी न बोललेलेच बरे. रक्तदाबावर कोणी परस्पर उपाय सुचवत नाही, पोटाच्या बाबतीत मात्र भेटेल तो तज्ज्ञ असतो.

रक्ताच्या तपासण्या झाल्या. थायरॉइड, साखर, यकृत, मूत्रपिंड सगळे ठीक निघाले. शौचाच्या तपासणीत जंत किंवा जंतुसंसर्ग आढळला नाही. सोनोग्राफीही चांगली आली. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे वाक्य पहिल्यांदा ऐकले तेव्हा हायसे वाटले, पण चौथ्यांदा ऐकले तेव्हा आपल्यावर कोणाचा विश्वास बसत नसावा अशी शंका येऊ लागली. पुढे एका पोटविकारतज्ज्ञांनी दुर्बिणीने मोठे आतडे तपासले, अस्तर स्वच्छ दिसते असे सांगितले आणि निदान केले आयबीएसचे, म्हणजे आतड्याची रचना ठीक असूनही त्याच्या कामात बिघाड होण्याचे. ताण कमी करा, चालायला जा, असा सल्ला मिळाला. आयबीएस हा खरा आजार आहे आणि त्याचा त्रास काही थोडाथोडका नसतो, हे मला मान्य आहे. पण त्याच्या व्याख्येत पोटदुखीला मध्यवर्ती स्थान आहे. आधीच्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस दुखणे, आणि त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असणे, ही त्यातली मुख्य अट आहे. माझी मुख्य तक्रार दुखण्याची नव्हतीच. तरीही मी त्या डॉक्टरांना सर्वस्वी दोष देणार नाही, कारण मी त्यांना जे सांगितले होते त्यात बरेच काही गाळलेले होते.

त्याआधी माझ्या स्वतःच्या एका चुकीबद्दल सांगते. कोणीतरी सुचवले म्हणून मी गहू पूर्णपणे बंद केला. पहिले दोन आठवडे थोडा फरक पडल्यासारखा वाटला, म्हणून तसेच चालू ठेवले. चार महिन्यांनी सिलियाक रोगासाठी, म्हणजे ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होते त्या रोगासाठी, रक्ताची तपासणी झाली आणि ती निगेटिव्ह आली. दुसऱ्या तज्ज्ञांकडे गेले तेव्हा तो कागद पाहताच त्यांनी विचारले, “रक्त दिलं तेव्हा गहू खात होतात ना?” मी नाही म्हटल्यावर त्यांनी तो कागद बाजूला ठेवून दिला. ही तपासणी ज्या प्रतिपिंडांचा शोध घेते, ती गव्हातल्या ग्लुटेनमुळे तयार होतात. ग्लुटेनच पोटात जात नसेल तर ती हळूहळू कमी होतात आणि रोग असला तरी तपासणीत सापडत नाहीत. मग सहा आठवडे रोज गहू खाऊन तीच तपासणी पुन्हा करावी लागली. त्या वेळी त्यांनी एकूण आयजीए, म्हणजे ही तपासणी ज्या जातीची प्रतिपिंडे शोधते ती जात, शरीरात किती आहे तेही मोजून घेतले, कारण ज्यांच्या शरीरात ते मुळातच कमी असते त्यांची तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. दोन्ही निकालांवरून सिलियाकची शक्यता मागे पडली. एका नकारासाठी सहा आठवडे गेले खरे, पण हा नकार निदान भरवशाचा होता.

त्याच भेटीत त्यांनी मला वही ठेवायला सांगितले. मी २०० पानी वही घेतली आणि पट्टीने रकाने आखले: तारीख, काय खाल्ले, किती वाजता जावे लागले, शौचाचा प्रकार, दुखले का. प्रकारासाठी त्यांनी ब्रिस्टल तक्ता दिला होता. त्यात घट्ट खड्यांपासून निव्वळ पाण्यापर्यंत सात प्रकारांची चित्रे आहेत. संकोच वाटणाऱ्या गोष्टीला केवळ एक आकडा देता येतो, ही किती मोठी सोय आहे हे मला तेव्हा कळले. माझ्या वहीत बहुतेक ठिकाणी सहा किंवा सात होते. मी स्वतः रोज दुसरा रकाना वाचत असे, म्हणजे कोणत्या पदार्थाने घात केला ते शोधत असे. कधी दूध गुन्हेगार ठरे, कधी कांदा, आणि दुसऱ्याच आठवड्यात तो निर्दोष सुटे.

पाच आठवड्यांनी वही घेऊन गेले. डॉक्टरांनी खाण्याचा रकाना जवळजवळ वाचलाच नाही. पेनाचे टोक तिसऱ्या रकान्यावर ठेवून ते वरून खाली सावकाश येत राहिले आणि मध्येमध्ये एकेका आकड्याभोवती गोल करत गेले. ३.४०, २.१५, ४.०५, ३.२०. “या पहाटेच्या वेळा आहेत?”

“हो. पण त्या वेळी दुखत नाही. फक्त जाग येते आणि जावं लागतं.”

“आणि हे आधी कोणालाच सांगितलं नाहीत?”

नव्हते सांगितले. रात्री उठावे लागणे ही माझ्या लेखी झोपेची तक्रार होती, वयोमानाने आलेली. पोटाच्या डॉक्टरांना ती सांगण्यासारखी आहे असे मनातही आले नव्हते. त्यांनी समजावले की आयबीएसचा त्रास माणसाला सहसा गाढ झोपेतून उठवत नाही. रात्रीचे जुलाब, वजन उतरणे, शौचावाटे रक्त जाणे किंवा रक्तक्षय असेल तर दुसरे कारण शोधायलाच हवे. मग त्यांनी औषधांची यादी मागितली. मी डॉक्टरांनी लिहून दिलेली दोनच सांगितली. “स्वतःहून घेता ती?” असे विचारल्यावर गुडघ्यासाठी जवळजवळ रोज घेत असलेली वेदनाशामक गोळी आठवली, आणि तिने पित्त होऊ नये म्हणून दीड वर्ष घेत असलेली आम्ल कमी करणारी गोळीही. त्यांनी त्या दोन्ही नावांखाली रेघ ओढली.

आतड्याला सूज आहे का ते दाखवणारी कॅलप्रोटेक्टिन ही शौचाची तपासणी झाली. ५० पर्यंतचा आकडा सर्वसाधारण मानतात, माझा ८४ आला. त्यावरून ठामपणे काही सांगता येण्यासारखे नव्हते. पुन्हा दुर्बीण घालावी लागेल म्हटल्यावर मी थोडी अडून बसले, कारण ज्याने हे केले आहे त्याला ठाऊक असते की खरा जाच तपासणीचा नसून आदल्या दिवसाचा असतो. ते खारट, जरा बुळबुळीत औषध लिटरच्या हिशेबाने पीत बसायचे आणि आधीच पाणी झालेल्या पोटाला पुन्हा पाणी करायचे. “मागच्या वेळी आतडं चांगलंच दिसलं होतं,” असे मी म्हणाले. ते म्हणाले, “या वेळीही चांगलंच दिसेल. मला त्या चांगल्या दिसणाऱ्या भागातूनच तुकडे हवे आहेत.” आधीचा अहवाल काढून पाहिला. पहिल्या वेळी एकही तुकडा घेतलेला नव्हता.

अस्तर खरोखरच गुलाबी आणि नितळ दिसले. मोठ्या आतड्याच्या उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही भागांतून तुकडे घेतले गेले आणि नऊ दिवसांनी नाव मिळाले: लिम्फोसायटिक कोलायटिस. मायक्रोस्कोपिक कोलायटिस या आजाराच्या दोन प्रकारांपैकी हा एक. दुर्बिणीला जे दिसत नाही ते सूक्ष्मदर्शकाला दिसते, म्हणून हे नाव. अस्तराच्या दर १०० पेशींमागे २० पेक्षा जास्त लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, घुसलेल्या आढळल्या की हे निदान करतात. हा आजार पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये अधिक आढळतो, आणि मी घेत होते त्या दोन्ही जातींच्या गोळ्यांशी त्याचा संबंध दिसून आला आहे. माझ्या बाबतीत त्याच कारणीभूत होत्या असे कोणी छातीठोकपणे म्हणाले नाही, पण त्या दोन्ही त्याच दिवशी बंद झाल्या. सोबत ब्युडेसोनाइड सुरू झाले. हे स्टेरॉइड मुख्यतः आतड्यातच काम करते. रोज ९ मिलिग्रॅम, आठ आठवडे. अकराव्या दिवशी तिसऱ्या रकान्यात सकाळची फक्त एक वेळ होती आणि चौथ्यात चार, म्हणजे तक्त्यातला निरोगी प्रकार. ते पान मी दुपारी पुन्हा एकदा उघडून पाहिले.

गुडघा आता जास्त दुखतो. त्यासाठी व्यायाम आणि शेक चालू आहे, आणि त्याबद्दल कुरकुर करण्याचा हक्क मी राखून ठेवला आहे. औषध थांबल्यावर हा आजार अनेकांत उलटतो, असे डॉक्टरांनी आधीच बजावले होते, आणि माझाही अडीच महिन्यांनी उलटला. पहाटे ३.२० ला जाग आली. दिवा लावून वहीत वेळ लिहिली, पुढे सात लिहिले आणि झोपले. सकाळी दवाखाना उघडताच फोन केला आणि पहिलेच वाक्य रात्रीचे सांगितले.