दोरी हलतच असते

कराड–चिपळूण गाडीत हेळवाकला चार-पाच माणसं चढली की माझी धांदल उडते. पुढं कुंभार्ली घाट. वळणं सुरू व्हायच्या आत तिकिटं काढून झाली तर बरं, पण गर्दीच्या दिवशी ते जमत नाही. मग एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात सुट्टे पैसे, खांद्याला पिशवी, आणि गाडी कधी डावीकडं कधी उजवीकडं. दांडी धरायला तिसरा हात नसतो. एखादी म्हातारी घाबरून म्हणते, "बाई, धरून उभी ऱ्हा, पडशील." मी पडत नाही. एसटीत वाहक म्हणून मला सोळा वर्षं झाली. मी का पडत नाही, हे आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत लिहायचं मी मनाशी ठरवलं होतं.

१९९२ साली मी पाचवीत आले, तेव्हा मैदानाच्या कडेला चिंचेखाली सागवानी मल्लखांब पुरलेला होता. बुंध्याला जाड, वर निमुळता, मग बारीक मान आणि टोकाला बोंड. मुलं त्याला एरंडेल चोळायची. त्या तेलाचा आणि घामाचा मिळून जो वास यायचा, तो आजही कुठं आला तर मला पीटीचा तास आठवतो. आम्ही मुली लांबून बघायचो. आमच्या वाट्याला लेझीम, लंगडी आणि फार तर खो-खो.

मी सातवीत असताना पीटीच्या सरांनी चिंचेच्या आडव्या फांदीला सुती दोर बांधला. जाडी अंगठ्याएवढी, मध्ये एकही गाठ नाही. म्हणाले, "हा तुमचा मल्लखांब. लाकडाचा जागचा हलत नाही, हा हलतो. म्हणून हा अवघड." पुढचा महिनाभर त्यांनी आम्हाला दोराला हात लावू दिला नाही.

त्या महिन्याबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण खरं शिक्षण तिथं झालं. सर फक्कीनं मैदानावर रेघ मारायचे. तिच्यावरून अनवाणी चालायचं, टाचेला चवडा लावून. मग दोन विटांवर ठेवलेल्या वाशावरून. मग त्याच वाशावरून डोक्यावर वही ठेवून. मग जमिनीवर एका पायावर उभं राहायचं आणि डोळे मिटायचे. डोळे उघडे असताना मिनिटभर ढिम्म उभ्या राहणाऱ्या आम्ही, मिटले की दहा आकड्यांत डुलायला लागायचो. सरांनी कारण सांगितलं. तोल तीन ठिकाणांहून कळतो: डोळ्यांतून, कानाच्या आतल्या भागातून, आणि तळपायातून-सांध्यांतून. डोळे मिटले की उरलेल्या दोघांना जास्त काम करावं लागतं, आणि काम केल्यानंच ते तयार होतात. मग नौकासन. पाठीवर झोपून पाय आणि खांदे दोन्ही उचलायचे आणि सर वीस म्हणेपर्यंत धरून ठेवायचं. श्वास रोखला की सरांना लांबून कळायचं. "बोल, बोल, पाढा म्हण!" म्हणून ओरडायचे. पाढा म्हणता म्हणता पोट ताणून धरणं किती कठीण आहे, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

पहिल्यांदा दोर हातात आला, तेव्हा आम्ही सगळ्याजणी हातांनीच ओढून वर जायला गेलो. दंड थरथरले आणि घसरून खाली. तळहात सोलून निघाले. सरांनी आपल्या बेंबीखाली दोन बोटं ठेवली. "इथनं चढायचं. हात नुसता धरायला. आधी हे आवळायचं, मग हात-पाय हलवायचे. उलटं केलंस तर दोर तुला फिरवणार." दोर पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरायचा. तिथली कातडी सोलायची, मग घट्टा पडायचा. माझा तो घट्टा दहावीनंतर दोन वर्षं होता.

आणखी एक पद्धत मी नंतर कुठं पाहिली नाही. सरांनी आधी उतरायला शिकवलं. दोन हात वर गेलं की थांबायचं आणि न घसरता, हात न भाजवता खाली यायचं. ते जमेपर्यंत तिसरा हात नाही. "वर जायला धाडस लागतं, ते तुमच्याकडं आहे. खाली यायला शहाणपण लागतं, ते मी देतो." दर सोमवारी ते स्वतः आणि दहावीची दोन थोराड मुलं मिळून फांदीला लोंबकळून बघायची. दोराचे पेड बोटांनी उलगडून तपासायचे. खाली काथ्याची गादी. बांगड्या, पैंजण, गळ्यातलं सगळं काढून डब्यात. नखं वाढलेली दिसली की त्या दिवशी दोर बंद. डबा खाऊन दोन तास झाल्याशिवाय उलटं व्हायचं नाही. मी दहावी होईपर्यंत आमच्या शाळेत दोरावरून पडून कुणाचं हाड मोडलं नाही, त्याचं कारण हे सोमवार आहेत.

घरची अडचण वेगळी होती. दोर कातडीला धरतो, कापडावरून निसटतो, म्हणून अर्धी चड्डी घालावी लागे. आईनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आली. "सर, पोरगी उलटी टांगताय व्हय? उद्या काय झालं तर पदर कुणापुढं पसरू?" सर वाद घालत बसले नाहीत. शनिवारी सगळ्यांच्या आयांना बोलावलं, मैदानाच्या त्या बाजूला मुलांना मज्जाव केला, आणि आमची अढी दाखवली. अढी म्हणजे दोराला पायांचा तिढा घालून, हात सोडून उलटं लटकणं. मी उलटी होते आणि मला आई उलटी दिसत होती, तोंडाला पदर लावलेली. मी खाली उतरल्यावर तिनं काही न बोलता माझे पाय बघितले, घट्ट्यावरून बोट फिरवलं. त्या रात्री तिनं घरातलं खोबरेल कोमट करून चोळलं. पुन्हा कधी तिनं विषय काढला नाही.

आमच्यात एक अंगानं भरलेली मुलगी होती. दोरावर ती चार हातांच्या वर कधी गेली नाही. पण वाशावर तिच्यासारखं कुणी नव्हतं. डोळे मिटून एका पायावर ती उभी राहिली की सर आकडे मोजायचे थांबून दुसऱ्या कामाला लागायचे. सरांनी तिला कधी 'चढ' म्हणून टोचलं नाही. धाकट्या मुलींना वाशावर चालवायचं काम तिच्याकडं दिलं. सगळ्यांना एका उंचीवर नेण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही, आणि या गोष्टीबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

पावसाळ्यात मैदानात चिखल असला की वर्गात गोष्टी. बाळंभटदादा देवधर, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी, त्यांनी मल्लखांबाची विद्या पुन्हा उभी केली, हे मी प्रथम सरांकडून ऐकलं. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात कुस्तीगिरांच्या खांबाचा उल्लेख आहे, हेही. आम्हाला त्या वेळी ग्रंथाशी देणंघेणं नव्हतं, पाऊस कधी थांबतो याकडं लक्ष होतं.

एसटीत लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की गाडी म्हणजे दोरच आहे. खालची जमीन हलतेच आहे, ती थांबायची वाट बघायची नाही. गुडघे किंचित सैल, पाऊल सीटच्या पायाशी तिरकं, आणि हात मशीनकडं न्यायच्या आधी बेंबीखाली आवळायचं. चालकानं ब्रेकवर पाय ठेवला की गाडी थांबायच्या आधी तळपायाला कळतं.

मधली एक गोष्ट लिहिली नाही तर हे लिखाण खोटं होईल. थोरल्या मुलाच्या बाळंतपणानंतर कामावर परत आले, तेव्हा पाटणच्या स्टँडमधून गाडी वळतानाच मी एका प्रवाशाच्या अंगावर पडले. सुट्टे पैसे गाडीभर. पाठ दुखायची, पोटात जोरच नव्हता, आणि आपलं अंग आपलं राहिलं नाही असं वाटून मी डेपोच्या विश्रांतीगृहात रडले. डॉक्टरांनी हळूहळू व्यायामाला परवानगी दिल्यावर मी सरांच्या पहिल्या महिन्यापासून सुरुवात केली. फरशीच्या रेघेवरून टाचेला चवडा. दात घासताना एका पायावर. नंतर, पुष्कळ नंतर, नौकासन, आणि तेही पाढा म्हणत. चार महिन्यांनी घाटात दोन्ही हात मोकळे झाले.

२०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईत शिवाजी पार्कला मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. कुणीतरी सीटवर ठेवून गेलेल्या पेपरात मी ती बातमी वाचली. पुढं २०२१ च्या पुरस्कारांत हिमानी परब या मुंबईच्या मुलीला मल्लखांबासाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा मी सरांना फोन केला. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "दोरावरची पोरगी ना गं?"

गेल्या वर्षी मुलाच्या दाखल्यासाठी शाळेत आले होते. चिंच आहे. मल्लखांब उपटून सामानाच्या खोलीमागं आडवा ठेवलाय, त्यावर पत्रे रचलेत. खड्डा बुजवून फरशी घातलीय. मुलं वर्गातून बाहेर आली, तेव्हा मी त्यांच्या पाठी बघत होते. दप्तराच्या ओझ्यानं मान पुढं, खांदे पडलेले. माझ्या मुलाचीही तशीच. त्याला डोळे मिटून एका पायावर उभं केलं, तर सातव्या आकड्याला भिंत धरली.

मी शाळेसाठी सुती दोर घेऊन ठेवला आहे, वीस फुटांचा, सरांनी सांगितलेल्या जाडीचा. दोन गाद्यांचे पैसे आम्ही १९९८ च्या दहावीच्या मुलींनी जमवले आहेत. शिकवायला वाशावरची आमची मैत्रीण शनिवारी येईल, ती आता गावातच असते. मुख्याध्यापकांना विनंती एवढीच, की समारंभाच्या आधी चिंचेची फांदी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावी. ती भार पेलणार नसेल तर लोखंडी कमान उभारावी लागेल, म्हणजे मला तिची उंची आधी कळवा. त्या हिशेबानं मी वरचा फास करून आणेन.