लिंबची अष्टकोनी विहीर, 496 ठोकळे आणि एक बिजागरी

दोन बाय चारचा लेगोचा ठोकळा उलटा करून बघा. आत तीन पोकळ नळ्या दिसतील. खालच्या ठोकळ्यावरचं प्रत्येक बटण, म्हणजे माथ्यावरचा गोल उंचवटा, या नळ्या आणि बाजूच्या भिंती यांच्यामध्ये तीन ठिकाणी आवळलं जातं. कोपऱ्यातलं बटण दोन भिंती आणि एका नळीत, मधलं बटण एक भिंत आणि दोन नळ्यांत. या खेळाचं सगळं मर्म त्या तीन स्पर्शांत आहे. पकड एवढी घट्ट की बांधलेलं घर उचलून दुसऱ्या खोलीत नेता येतं, आणि एवढी बेताची की चार वर्षांच्या मुलाच्या बोटांनी सुटतं. धरणं आणि सोडणं ही दोन्ही कामं एकाच सांध्याकडून करून घेणं फार अवघड आहे. म्हणून आठवीतला मुलगा आणि पन्नाशीचा माणूस एकाच डब्यात हात घालून बसू शकतात.

डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचे सुतार ओले कर्क यांनी 1932 साली खेळणी करायला सुरुवात केली. त्यांच्या लेगो कंपनीचे प्लॅस्टिकचे पहिले ठोकळे 1949 मध्ये आले, पण ते आतून पोकळ होते आणि त्यांची पकड कच्ची होती. नळ्यांच्या रचनेचं पेटंट त्यांचा मुलगा गॉडफ्रेड याने 28 जानेवारी 1958 रोजी दाखल केलं. त्या काळातला ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. 1963 पासून एबीएस हे प्लॅस्टिक वापरात आलं, कारण आधीचं काही काळाने वाकायचं, आणि ठोकळा वाकला की पकड गेली.

मापं पाठ करून ठेवा, पुढे सगळीकडे लागतात. दोन बटणांच्या मध्यांतलं अंतर 8 मिलिमीटर. ठोकळ्याची उंची 9.6. चपटी प्लेट 3.2, म्हणजे तीन प्लेट मिळून एक ठोकळा. पाच प्लेट एकावर एक ठेवल्या की 16 मिलिमीटर होतात, म्हणजे नेमकी दोन बटणांची रुंदी. या शेवटच्या जुळणीमुळे ठोकळे आडवे करूनही बांधता येतं, आणि ज्यांना बारीक काम आवडतं ती मोठी माणसं तिथेच अडकतात.

साताऱ्यात राहून काय बांधावं? अजिंक्यतारा सगळ्यांच्या डोक्यात येतो, पण डोंगर बांधायला ठोकळे फार लागतात आणि बघायला फार मिळत नाही. त्यापेक्षा साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारामोटेची विहीर घ्या. शाहू महाराजांच्या काळात, 1719 ते 1724 च्या दरम्यान वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतलेली. सुमारे 110 फूट खोल, 50 फूट व्यासाची, आणि अष्टकोनी. बटणांच्या चौकोनी जाळीवर अष्टकोन बसवणं ही या खेळातली खरी परीक्षा आहे.

अडचण अशी की तिरप्या भिंतीचं माप बटणांत पूर्ण येत नाही. बाजू पाच बटणांची धरली तर तिरप्या भिंतीची दोन टोकं जाळीवर साडेतीन बटणांच्या अंतरावर पडतात, म्हणजे मध्येच. सात बटणांची बाजू घेतली की गणित सुटतं. पाच बाय पाचचा कर्ण 7.07 येतो, म्हणजे जवळजवळ सात. मग आतली रुंदी 5 अधिक 7 अधिक 5, अशी 17 बटणं भरते, म्हणजे 136 मिलिमीटर. 50 फुटांची विहीर 136 मिलिमीटरमध्ये आणली की प्रमाण साधारण 1:112 पडतं आणि 110 फूट खोलीला 31 थर लागतात.

कोपऱ्यांना बिजागरीचे ठोकळे लागतात. दोन दोन बटणांचे दोन भाग खिळीने जोडलेले असतात, सरळ केले की एक बाय चार होतात. खीळ एका अंगाला असते, ते अंग विहिरीच्या आत येऊ द्या. 8 मिलिमीटर जाडीची भिंत 45 अंशांत वळली की दुसऱ्या अंगाला सुमारे 6 मिलिमीटरची त्रिकोणी फट पडते. घर बांधताना ही फट डोकं खाते, कारण घर बाहेरून बघतात. विहीर आतून बघतात. फट मातीच्या बाजूला गेली आणि आतला अष्टकोन स्वच्छ राहिला.

पहिला थर आणि मग दर पाचवा थर बिजागरीचा ठेवा: 1, 6, 11, 16, 21, 26 आणि 31. असे सात थर, प्रत्येकी आठ कोपरे, म्हणजे 56 बिजागऱ्या. या थरात प्रत्येक भिंतीच्या दोन्ही टोकांना बिजागरीची दोन दोन बटणं जातात आणि मध्ये एक बाय तीनचा ठोकळा बसतो. उरलेल्या 24 थरांत प्रत्येक भिंतीला एक चारचा आणि एक तीनचा. गवंडी वीटकामात सांधेमोड करतो तशी इथेही करायची: एका थरात चार-तीन, वरच्यात तीन-चार. सांध्यावर सांधा आला तर भिंत तिथे उभी चिरते. एकूण 192 चारचे, 248 तीनचे आणि 56 बिजागऱ्या, म्हणजे 496 नग. रंग काळा आणि गडद करडा मिसळा, आपल्याकडचा दगड तसाच दिसतो. मुलांबरोबर बांधायची असेल तर 11 थर पुरे, आणि एक भिंत मोकळी सोडा म्हणजे आत हात जातो.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली पायात. बेसप्लेटवर, म्हणजे बटणं असलेल्या सपाट पाटावर, थेट बांधायला घेतलं तर सरळ भिंती बटणांत बसतात, पण तिरप्या भिंतींखाली बटणं वेडीवाकडी येतात आणि त्या उचलल्या जातात. उपाय असा: सरळ भिंतींखाली एक प्लेट द्या आणि तिरप्या भिंतींखाली गुळगुळीत, बिनबटणांची टाइल. दोन्हींची जाडी 3.2 आहे, त्यामुळे पातळी एकच राहते आणि तिरपी भिंत टाइलवर नुसती टेकते. त्यातही चारही सरळ भिंती पक्क्या करू नका. 7 आणि 7.07 मधला फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त आहे आणि तो कुठेतरी निघतोच. समोरासमोरच्या दोनच भिंती खाली बसवल्या की बाकीच्या सहा भिंती बिजागऱ्यांवर सरकून आपोआप जागा धरतात. चारही दाबून बसवल्या तर सगळा ताण खिळींवर येतो आणि त्या उसवतात.

दुसरी चूक दाबण्यात. ठोकळा टेकला आणि बसला यात केसाएवढा फरक असतो. प्रत्येक थरात 0.2 मिलिमीटर राहिले तर 31 थरांत 6 मिलिमीटर झाले, म्हणजे जवळपास दोन प्लेट, आणि ते एकाच बाजूला राहिले की विहीर कलते. दर थराला बोटाने दाब देत पूर्ण फेरी मारायची. हे काम मुलांना द्या, ती मन लावून करतात.

एवढे एकाच आकाराचे ठोकळे मूळ कंपनीचे घ्यायचे तर खर्च येतो, म्हणून बाजारातले बिननावाचे ठोकळे मिसळायचा मोह होतो. घेण्याआधी शाळेची पट्टी घेऊन जा. दहा ठोकळे एकावर एक चढवा आणि वरची बटणं सोडून उंची मोजा. 96 मिलिमीटर आली पाहिजे. 95 किंवा 97 आली तर त्या विहिरीत ते नकोत, कारण बिजागरीचा थर शेजारच्या भिंतीच्या थराला जुळणारच नाही. मग तो मनोरा वरच्या ठोकळ्याला धरून हलवा. खालचा गळून पडला तर पकड कच्ची आहे. सोडवायला नखं लागली तर पकड जास्त आहे, आणि अशा ठोकळ्यांनी लहान मुलं कंटाळून उठतात. मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर हे बारीक ठोकळे घरात त्याच्या हाताला लागू देऊ नका. त्यांच्यासाठी डुप्लो आहे, 1969 मध्ये आलेला, सगळ्या मापांत दुप्पट. त्याच्यावर साधे ठोकळेही बसतात, त्यामुळे तो पुढे पाया म्हणून कामाला येतो.

दोन बाय चारचे एकाच रंगाचे दोन ठोकळे 24 प्रकारे जोडता येतात. तीन ठोकळे 1060 प्रकारे. सहा ठोकळ्यांचा हिशेब संगणकावर केला गेला तेव्हा आकडा 91,51,03,765 निघाला. मुलांना हे सांगताना आकड्यावर थांबू नका. दोन ठोकळे हातात द्या आणि चोवीसही प्रकार वहीत काढायला लावा. फिरवल्यावर सारखीच दिसणारी जोडणी दोनदा मोजली जाते, तिथे वाद होतो, आणि त्या वादात जे गणित शिकून होतं ते पक्कं बसतं.

दिवाळीत किल्ला होतोच. मुरूम, पोती, वरून मोहरी आणि अळीव. त्या किल्ल्यात ही विहीर पुरायला फार छान जागा असते, कारण बाहेरच्या फटी मातीतच जातात. पण तशीच पुरू नका. लाल माती नळ्यांत शिरली की ओल्यावर निघत नाही, आणि वाळल्यावर बारीक कण पकड खरवडतात. जाड प्लॅस्टिकची पिशवी विहिरीला बाहेरून गुंडाळा, तोंडाशी दुमडून वरच्या थराखाली अडकवा. मोहरीला पाणी घालताना विहिरीवर पुठ्ठा ठेवा.

तरी माती गेलीच तर पाणी 40 अंशांपेक्षा गरम नको. हाताला कोमट लागेल एवढंच, त्याहून गरम पाण्यात एबीएसचा आकार बिघडू शकतो. ठोकळे जाळीच्या पिशवीत घालून भांड्यांच्या साबणात अर्धा तास भिजवा, नळ्या जुन्या टूथब्रशने घासा. बोअरच्या पाण्याने धुतले तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात, शेवटचं खळबळणं फिल्टरच्या पाण्यात करा. वाळवायचे सावलीत, टॉवेलवर, बटणं वर करून. गच्चीवरच्या उन्हात टाकले तर पांढरे आणि करडे पिवळे पडायला लागतात.

विहीर मोडताना वरून थराथराने या. बिजागरी कधी पिळून काढू नका, आधी तिच्या वरचा थर पूर्ण मोकळा करा आणि मग दोन्ही भाग एकदम सरळ वर उचला. दोन प्लेट चिकटून बसल्या तर दात लावायचे नाहीत. वरच्या प्लेटवर एक ठोकळा बसवा, खालच्या प्लेटखाली एक, आणि दोन्ही ठोकळे धरून तिरपे ओढा. सुटतात. सगळं सुटलं की रंगाऐवजी आकारावरून डबे भरा. करड्या रंगाच्या ढिगात करडा तीनचा शोधायला वेळ जातो, तीनच्या डब्यात करडा लगेच दिसतो. 56 बिजागऱ्या मात्र वेगळ्या, झाकण घट्ट लागणाऱ्या बरणीत ठेवा.