स्विफ्टचे व्हील नट: कुठला ग्रॅम कमी करायचा

मंडळी, मागच्या महिन्यात १५ इंची फ्लो फॉर्म्ड, म्हणजे कड दाबून पातळ आणि हलकी केलेल्या, रिम बसवल्या, आता राहिलेलं चाक आवळायच्या नटांचं काम पण झालं ते सांगतो. गाडी तीच, २०१४ ची स्विफ्ट झेडएक्सआय, पीसीडी ४ बाय १००, म्हणजे चार नट १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर, आणि स्टड (ज्यावर नट फिरतो तो बोल्ट) एम१२ बाय १.२५, म्हणजे जाडी १२ मिलिमीटर आणि दोन आट्यांत अंतर १.२५ मिलिमीटर.

साताऱ्यात मोती चौकात मित्राचं सराफी दुकान आहे, त्याच्या सोन्याच्या काट्यावर गिऱ्हाईक नसताना सगळे नट मोजले. कंपनीचा नट ४८ ग्रॅम भरला, माझा जुना अ‍ॅल्युमिनियमचा २२, एकाने बघायला दिलेला टायटॅनियमचा २७ आणि फोर्ज्ड (दाबून घडवलेल्या) स्टीलचा आखूड, दोन्हीकडून उघडा नट ३६. आता बघायला गेलं तर अ‍ॅल्युमिनियमने एका चाकाला १०४ ग्रॅम वाचतात, भारी वाटतं ना? पण नट बसतो कुठं तर सेंटरपासून ५० मिलिमीटरवर, आणि १५ इंची रिमची कड आहे १९० मिलिमीटरवर. चाक फिरवायला लागणारा जोर अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणजे कडेचा एक ग्रॅम नटापाशी असलेल्या साधारण १४ ग्रॅमला भारी पडतो. त्या हिशोबाने चारही नटांची बचत मिळून फिरण्यात फरक पडतो तो कडेवरच्या ७ ग्रॅमएवढा, बॅलन्सिंगला चिकटवतात ना ती वजनाची पट्टी, बास तेवढा. सस्पेन्शनच्या खालचं वजन १०४ ग्रॅमने कमी होतं हे खरं, पण रिममध्येच एका चाकाला १.८ किलो वाचलेत आणि ते यवतेश्वरच्या घाटात दुसऱ्या गिअरवर वळण काढताना लगेच कळतं.

अ‍ॅल्युमिनियमचे का काढले तेही सांगतो. दोन वर्षं वापरले, हाताने नीट बसवले तर चालतात, पण मी नसताना भावाने गाडी टायरच्या दुकानात नेली आणि तिथं पोराने डायरेक्ट नट आवळायची मशीनची गन लावली. घरी येऊन एक नट उघडायला गेलो तर अडकत अडकत आला, आणि स्टडच्या आट्यांत चांदीच्या तारेसारखी बारीक चकचकीत कीस गुंडाळलेली. नटाच्या आतल्या आट्याच सोलून निघालेल्या! तसाच कासला जाऊन आलो असतो तर काय झालं असतं, विचार करवत नाही. त्यात आपल्याकडचा पाऊस, स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकाला चिकटून ओलं राहिलं की अ‍ॅल्युमिनियम गंजून पांढरी पावडर धरतं आणि नट जाम होतो.

टायटॅनियम मजबूत आहे, गंजत नाही, पण स्टीलच्या स्टडवर कोरडं फिरवलं तर आट्या एकमेकीला धरतात, म्हणून अँटी सीझ नावाचं ग्रीससारखं वंगण लावावं लागतं आणि ते लावलं की त्याच टॉर्कला, म्हणजे नट पिळायच्या तेवढ्याच जोराला, स्टड जास्त ताणला जातो, म्हणजे मॅन्युअलमधला आकडा जसाच्या तसा चालत नाही. शिवाय सोळा नटांच्या पैशात दोन टायर येतील.

म्हणून फोर्ज्ड स्टीलचे ३६ ग्रॅमवाले घेतले. घेताना तीन गोष्टी बघा. सीट, म्हणजे नटाचं रिमला टेकणारं तोंड, रिमच्या भोकाला जुळली पाहिजे, माझ्या रिमला ६० डिग्रीचा कोन लागतो, होंडाचे गोल सीटवाले नट इथं चालणार नाहीत. दुसरं आट्या, एम१२ बाय १.५ चा नट पहिले एकदोन फेरे जातो आणि मग अडतो, तिथं पाना लावला की स्टड गेलाच. तिसरं म्हणजे हाताने फिरवून मोजा, १.२५ च्या आट्यांवर नऊदहा पूर्ण फेरे बसले पाहिजेत, म्हणजे निदान स्टडच्या जाडीएवढी पकड मिळते. आखूड नटात हे फार महत्त्वाचं, माझ्यात साडेदहा फेरे बसले तेव्हा कुठं जीवाला बरं वाटलं. आणि रिमचं मधलं भोक मोठं असेल तर ५४.१ मिलिमीटरची सेंटर रिंग विसरू नका, चाक मधोमध बसवायचं काम तिचं आहे.

बसवताना गाडी जॅकवर असतानाच समोरासमोरचे नट हाताने, मग चाक टेकवून जोर मोजणाऱ्या पान्याने, म्हणजे टॉर्क रेंचने, दोन टप्प्यांत. रविवारी ठोसेघरला जाऊन येतो, येताना सज्जनगडावर पण जाईन, आणि घरी आल्यावर चाकं गार झाली की सोळाच्या सोळा परत तपासतो. कुठला किती फिरला ते लिहून ठेवणार आहे.